आधी झिजणारे

इंग्लंडच्या कालव्यांवर मी नॅरोबोटीत राहतो. पोलादी तळ गंजू नये म्हणून दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून काळा लेप द्यावा लागतो. यंदा त्या पैशांत मला लिथियम बॅटरी घ्यायची होती. तळ कोणाला दिसतो? (ऑफिसातही नवं फीचर सगळ्यांना दिसतं, जुना कोड सांभाळणारा कोणालाच नाही.)

शेवटी बोट वर काढली. तळाला वेल्ड केलेले मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड अर्धे विरघळले होते. पोलादाआधी आपण गंजायचं, एवढंच त्यांचं काम. ते झिजले म्हणजे सगळं ठीक चाललंय, असंच धरतात.

मॅग्नेशियमला कोणी विचारत नाही, ते समजू शकतो. पण नाशिकच्या आमच्या घरात सगळ्यांआधी आई झिजली. तिला तरी कोणी विचारलं होतं?

फोन लावला. ती म्हणाली, "जेवलास का?"