फाइलबरोबर प्रवास करणारी अक्षरे

दस्तऐवजात फॉन्ट एम्बेड करणे म्हणजे मजकुराबरोबर अक्षरांच्या आकृत्याही त्याच फाइलमध्ये भरून पाठवणे. एरवी फाइलमध्ये अक्षरांचे क्रमांक आणि फॉन्टचे नाव एवढेच असते. आकृती वाचणाऱ्याच्या संगणकावरून घेतली जाते. तो फॉन्ट तिथे नसला की संगणक दुसरा लावतो. मग अक्षरांची रुंदी बदलते, ओळी सरकतात, पानाची शेवटची ओळ पुढच्या पानावर जाते.

रोमन लिपीत नुकसान बहुधा एवढ्यावर भागते. देवनागरीत ते अक्षरापर्यंत पोचते. पुण्यात तयार केलेली पत्रिका न्यू जर्सीतल्या संगणकावर उघडली आणि हिंदी वळणाचा फॉन्ट लागला, तर पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ जातो. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत दरी आणि समुद्र एवढे अंतर आहे, आणि ते केवळ ‘र’च्या आकृतीने दाखवले जाते. ती आकृती नसलेल्या फॉन्टमध्ये शब्द मोडून पडतो. सर्व लिपींच्या अक्षरांना वेगळे क्रमांक देणारे युनिकोड येण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टची स्थिती तर याहून बिकट होती. त्यांत मराठी आकृत्या रोमन अक्षरांच्या जागी बसवलेल्या असत. फॉन्ट नसला की पडद्यावर रोमन अक्षरांची निरर्थक रांग उरे.

यावरचा उपाय कॅलिफोर्नियात घडला. ॲडोबीचे सहसंस्थापक जॉन वॉरनॉक यांनी 1991 मध्ये ‘कॅमेलॉट’ प्रकल्पाचे टिपण लिहिले: कोणत्याही यंत्रावर तयार झालेले पान दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर जसेच्या तसे दिसावे व छापता यावे. त्यातून 1993 मध्ये पीडीएफ आले. टाइम्स, हेल्व्हेटिका, कुरिअर यांच्या घराण्यांसह चौदा फॉन्ट प्रत्येक वाचकाकडे असतील असे गृहीत धरले होते; ते एम्बेड केले नाहीत तरी चाले. त्या चौदांत देवनागरी एकही नव्हता. त्यामुळे इंग्रजी पत्रात जी केवळ खबरदारी होती, ती मराठी पत्रात पहिल्या दिवसापासून गरज होती.

फाइल फुगू नये म्हणून सहसा वापरलेल्या आकृत्याच भरतात. अशा फॉन्टच्या नावाआधी सहा मोठी रोमन अक्षरे आणि अधिकचे चिन्ह दिसते. काटकसरीची किंमत दुरुस्तीच्या वेळी कळते: मजकुरात ‘ज्ञ’ कुठेच नसेल, तर ‘ज्ञानेश्वर’ हे नाव त्या फॉन्टमध्ये नव्याने घालता येत नाही.

फॉन्ट ही कोणाची तरी मालमत्ताही असते. अमेरिकेत अक्षराच्या वळणाला कॉपीराइट नाही, फॉन्टच्या संगणकीय प्रोग्रॅमला आहे. म्हणून फॉन्टमध्येच एक आकडा लिहिलेला असतो: एम्बेड करू नये, फक्त पाहण्या-छापण्यापुरते करावे, की संपादनासाठीही चालेल. हा आकडा कुलूप आहे का, हा प्रश्न ॲग्फा मोनोटाइपने ॲडोबीविरुद्ध इलिनॉयच्या संघीय न्यायालयात नेला. 2005 च्या निकालाने तो कुलूप मानला नाही, कारण त्यात ना सांकेतिक बंदिस्ती होती ना परवलीचा शब्द. निकाल तर्काला धरून आहे. तरी ती सूचना पाळणे हे अक्षर घडवणाऱ्याच्या कष्टांचे देणे आहे.

जुनी कागदपत्रे पुढच्या पिढ्यांनाही वाचता यावीत, ही चिंता अमेरिकी न्यायालयांच्या प्रशासकीय कार्यालयालाही होती. त्यासाठीचे मानक ठरवण्याच्या, 2002 मध्ये सुरू झालेल्या कामात ते सहभागी होते, आणि 2005 मध्ये पीडीएफ/ए हे आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्यात दिसणाऱ्या मजकुराचा प्रत्येक फॉन्ट एम्बेड करणे सक्तीचे आहे. ‘त्या चौदां’नाही सूट नाही.

मात्र त्याच्या ‘बी’ पातळीवर हमी केवळ दिसण्याची आहे. प्रत्येक आकृती कोणते युनिकोड अक्षर, हा तक्ता ‘ए’ पातळीला लागतो. जुन्या मराठी फॉन्टमधली फाइल ‘बी’ पातळीवर जतन केली तर पान अगदी देखणे दिसते. पण त्यात ‘शिवाजी’ शोधले तर काही सापडत नाही, आणि अंध वाचकासाठी पान वाचणारा प्रोग्रॅम तीच निरर्थक रोमन अक्षरे उच्चारतो.