गारगोटी, धूळ आणि विवेकबुद्धी

सुंदर वस्तू पाहून आनंद मानण्यात नैतिक प्रश्न कोठे येतो, असे कोणालाही वाटेल. फुलाच्या किंवा सूर्यास्ताच्या बाबतीत तो येतही नाही. निर्मात्याने दिले आणि आपण घेतले. परंतु जी वस्तू अर्धी निसर्ग घडवतो आणि उरलेली अर्धी मनुष्याचा हात घडवतो, तिच्या बाबतीत देणारा आणि घेणारा ह्यांच्या मध्ये आणखी कोणीतरी उभा असतो. त्या मधल्या माणसाविषयी आपले काही कर्तव्य आहे काय? हा प्रश्न समजून घेण्यासाठी आपल्या पायाखालच्याच एका दगडाचा आधार घेऊ.

माढ्याच्या माळावर नांगरटीत किंवा सीना-भीमेच्या गोट्यांत काळ्या खडकाहून निराळा, पांढुरका, कठीण दगड हाती लागतो. आपण त्याला गार किंवा गारगोटी म्हणतो आणि बांधावर फेकून देतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. तो थिजताना आत अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे झिरपणाऱ्या पाण्याने आपल्यासोबत आणलेली सिलिका त्या पोकळ्यांत थरांनी साचत गेली. अशा थरांनी घडलेला, पट्ट्यापट्ट्यांचा दगड म्हणजे अकीक. त्याच कुळातला, पण लोहाची द्रव्ये मिसळल्याने लाल, पिवळा वा हिरवा झालेला अपारदर्शक दगड म्हणजे यास्फे, ज्याला बाजारात जास्पर म्हणतात.

मनुष्याचा ह्या दगडांशी संबंध फार जुना आहे. भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ ह्या काळात उत्खनन केले. तेथील तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी ह्याच जातीच्या दगडाची पाती वापरीत असत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून असे पट्टेदार दगड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. त्याच ओघात आपल्या शेजारच्या तेरचा, म्हणजे प्राचीन तगरचा, उल्लेख येतो.

असे दगड गोळा करून त्यांचे काप काढणे आणि त्यांची जात ओळखणे हा परदेशांत अनेक कुटुंबांचा छंद आहे; आपल्याकडे तो विरळा. बाहेरून खडबडीत गोटा पाहून आत काय आहे ते सांगता येत नाही. हिऱ्याची कणी बसवलेल्या गोल पात्याने, पाण्याच्या किंवा तेलाच्या धारेखाली, तो सावकाश कापावा लागतो. पाच-सहा मिलिमीटर जाडीची चकती निघाली की कार्बोरंडमच्या जाड्या पुडीपासून बारीक पुडीपर्यंत टप्प्याटप्प्याने ती घासायची आणि शेवटी सिरियम ऑक्साइडने तिला झिलई द्यायची. एक टप्पा घाईने उरकला तर मागचा ओरखडा शेवटच्या झिलईत ठळक दिसतो. अंतःकरणाच्या परीक्षणाचा सराव असलेल्या वाचकास ह्याचा अर्थ सांगावयास नको.

ओळखण्याचेही एक शास्त्र आहे. अकीक व यास्फे ह्यांचा कठीणपणा साडेसहा ते सात. पोलादी चाकूने त्यांच्यावर रेघ उमटत नाही, उलट तेच काचेवर ओरखडा काढतात. त्याच खडकात सापडणारा कॅल्साइट मात्र चाकूने सहज कोरला जातो आणि सौम्य आम्लाचा थेंब पडताच फसफसतो. चकतीची पातळ कड प्रकाशासमोर धरावी. उजेड पाझरला तर अकीक, अडला तर यास्फे. डोळ्याला भावले म्हणून नाव द्यायचे नाही, कसोटीला उतरले तरच द्यायचे. ही सत्यनिष्ठेची शिस्त ह्या छंदाचे मोठे देणे आहे, कारण ह्या बाजारात असत्याला वाव पुष्कळ. भडक गुलाबी किंवा निळ्या चकत्या बहुधा रंगवलेल्या असतात. साखरेच्या पाकात भिजवून नंतर गंधकाम्लात ठेवलेला अकीक काळाभोर होतो. जर्मनीतील ईडार-ओबरश्टाइन हे गाव अशा रंगकामासाठी एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. रंगवणे हे पाप नव्हे; रंगवलेले आहे हे न सांगता विकणे ही मात्र लबाडी होय.

परंतु दगडाचे नाव बिनचूक सांगितले म्हणजे त्याची ओळख पूर्ण झाली काय?

भारतात अकीकाच्या कामाचे सर्वांत मोठे केंद्र म्हणजे गुजरातमधील खंभात. भडोच जिल्ह्यातील रतनपूरच्या परिसरातून दगड येतो. तो भाजून लाल केला जातो. मग लोखंडी अणीवर टेकवून, शिंगाच्या हातोडीने टवके उडवून त्याला आकार देतात. त्यानंतर येते ते घासण्याचे काम. विजेवर फिरणाऱ्या चाकापुढे बसून, बहुतेक घराच्या ओसरीवरच, हे कारागीर कोरडा दगड घासतात. सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ श्वासाबरोबर फुप्फुसांत जाते, तेथेच राहते आणि फुप्फुसे हळूहळू कठीण करते. ह्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही, आणि त्याच्या मागोमाग क्षयाचा धोकाही वाढतो. धूळ केवळ घासणाऱ्याला गाठत नाही. त्याच घरात स्वयंपाक करणारी स्त्री आणि अंगणात खेळणारे मूल हेही तीच हवा घेतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने ह्या कारागिरांच्या प्रकृतीचा अभ्यास केला आहे आणि धूळ ओढून घेणारी यंत्रणाही तयार केली आहे. म्हणजे हा मृत्यू अटळ नाही.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. म्हण खरी आहे, पण ती दगडाचा विचार करते. टाकी धरणाऱ्याच्या छातीत काय जाते हे ती विचारत नाही.

कोणी म्हणेल, ‘मी तर फक्त एक चकती विकत घेतली, मी कोणाचे काय वाईट केले?’ नीतिशास्त्र येथे भेद करते. दुसऱ्याच्या अपकृत्याला मनाने संमती देणे वेगळे आणि त्याच्या साखळीत कोठेतरी दूरवर आपला हात लागणे वेगळे. दूरच्या सहभागाचा दोष कमी असतो, पुरेसे कारण असल्यास तो क्षम्यही असतो. हे मी मान्य करतो. अन्यथा ह्या जगात मीठसुद्धा विकत घेता येणार नाही. पण त्याच शास्त्राने आणखी एक भेद शिकवला आहे. एक अज्ञान प्रयत्न करूनही दूर होत नाही आणि दुसरे, दूर करता येत असूनही आपण सोयीसाठी सांभाळून ठेवतो. पहिले दोषमुक्त करते, दुसरे करीत नाही. शुभवर्तमानातील श्रीमंत मनुष्याने दारातल्या लाजरसला मारले नव्हते. त्याने त्याच्याकडे पाहिले नाही, एवढेच.

‘मग विकत घेणेच बंद करू’ हेही उत्तर नव्हे. त्याने कारागिराची धूळ थांबेल, पण चूलही विझेल. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९८१ साली ‘लाबोरेम एक्सर्सेन्स’ ह्या विश्वपत्रात श्रमाचे मोल वस्तूवरून नव्हे, तर श्रम करणाऱ्या व्यक्तीवरून ठरते असे प्रतिपादन केले. त्यामुळे आपला प्रश्न ‘घ्यावे की न घ्यावे’ एवढ्यावर थांबत नाही. ‘हे कसे कापले गेले? पाणी वापरले काय? धूळ ओढणारे यंत्र आहे काय?’ असे विचारणारे ग्राहक वाढले, आणि त्या उत्तरासाठी दोन पैसे अधिक मोजायला तयार झाले, तर व्यापाऱ्यालाही खाली चौकशी करावी लागते. ज्याला दगडातले कळते त्याच्यावर हे कर्तव्य अधिक, कारण त्याला धूळ काय असते हेही कळते. चकतीच्या कडेवरचा उजेड पारखणारा डोळा तेवढ्यापुरताच उघडा ठेवता येत नाही.

म्हणून सुट्टीत आपली मुले नदीकाठी गारगोट्या वेचत असतील तर त्यांना अडवू नये. जात ओळखायला शिकवावे. कापायची वेळ आली तर मोठ्यांच्या देखरेखीखाली, पाण्याच्या धारेखालीच, आणि कोरडे घासणे मुळीच नको, हे बजावावे. त्यातून दोन गोष्टी एकदमच त्यांच्या ध्यानी येतील: दगडाचे सौंदर्य आणि श्वासाचे मोल. संग्रहातील चकतीखाली नाव व गाव लिहितो, तसे ती कोणी व कशी घडवली तेही, ठाऊक असल्यास, लिहावे. ठाऊक नसल्यास जागा कोरी ठेवावी; ती कोरी जागा प्रश्न विचारीत राहील. आपल्या घरी अकीकाच्या मण्यांची जपमाळ असेल, तर तिचे एक रहस्य त्या मण्यांना गोलाई देणाऱ्या अनाम हातांसाठी म्हणावे.

प्रकटीकरणाच्या ग्रंथात योहानाला दिसलेल्या नव्या यरुशलेमचा तट यास्फेचा आहे, आणि त्याच्या बारा पायांपैकी पहिला पायाही यास्फेचाच. त्याने सांगितलेला यास्फे स्फटिकासारखा स्वच्छ असल्यामुळे तो आपला आजचा जास्परच असेल असे नाही, असे अभ्यासक सांगतात. परंतु त्या नगरीविषयी एक गोष्ट त्याने निःसंदिग्धपणे लिहिली आहे: तेथे मरण नाही, शोक नाही, कष्ट नाहीत. तिच्या तटाला ज्या दगडाचे नाव लाभले, तो आपल्या घरात येताना कोणाचे मरण सोबत घेऊन येत नाही ना, एवढे तरी आपण पाहिले पाहिजे.