तहान कोणाची मोठी?

शहागड म्हटलं की बहुतेकांना धुळे-सोलापूर महामार्गावरचा गोदावरीचा पूल आठवतो. अलीकडे जालना जिल्हा, पलीकडे बीड. माझं गाव हेच. जालना शहराची तहान भागवायला एकेकाळी इथूनच, पन्नासेक किलोमीटर चढावर गोदावरीचं पाणी नेण्याची योजना झाली. आता मी जालन्यात भाड्याने राहतो आणि शहराच्या नळाचं पाणी पितो. म्हणजे देणाऱ्यांतला मीच आणि घेणाऱ्यांतलाही मीच. म्हणून हा प्रश्न मला टाळता येत नाही: माणसं जास्त, म्हणून हक्क जास्त, असं पाण्याच्या बाबतीत म्हणता येतं का?

जालन्याने पाणी आधी स्वतःच्या अंगणात शोधलं होतं. जमशेद खान नावाच्या सुभेदाराने मोती तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ टाकून शहरातले हौद भरले. भरभराटीच्या काळात शहरात पाच तलाव होते, अशी जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे. निजामाच्या राज्यात घाणेवाडीचा तलाव झाला, तिथलं पाणी पंपाशिवाय, नुसत्या उतारावरून शहरात येतं. मग शहागड. मग त्याच नदीवर आणखी वर, पैठणचा नाथसागर.

प्रत्येक पायरीला पाणी लांब गेलं. तलाव शेजारी असला की त्याची पातळी येता-जाता दिसते. काठ उघडा पडला की बादली आपोआप जपून भरली जाते. पाणी पाइपातून आलं की दिसतो फक्त नळ, आणि कळतं फक्त ‘आज आलं’ किंवा ‘आज नाही आलं’. ते कुणाच्या वाट्याचं आहे हे विचारायचं कारणच उरत नाही. ही सोय मला जरा भीतीदायक वाटते.

नाथसागर मुळात शेतीसाठी बांधला. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, 1976 मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. शंभरावर गावं पाण्याखाली गेली. शहरं या रांगेत मागून आली आणि पुढे जाऊन उभी राहिली, कारण पिण्याच्या पाण्याला पहिला मान. त्याला कोण नाही म्हणेल? तहानलेल्याशी वाद घालायची आपल्याकडे रीत नाही.

पण ‘पिण्याचं पाणी’ या शब्दात बरंच काही खपून जातं. फ्लश, धुणं, अंगणात मारलेला पाइप, सगळं त्यातच मोजतात. शहरी योजनांचं सरकारी माप माणशी रोज 135 लिटर, जलजीवन मिशनमध्ये खेड्याचं 55. मी शहागडहून जालन्याला राहायला आलो, तर एसटीच्या एका तिकिटात माझी तहान 80 लिटरने वाढली! शहरात सांडपाणी वाहून न्यायला पाणी जास्त लागतं, हे कारण मला ठाऊक आहे, आणि ते खोटंही नाही. पण ती गरज झाली, तहान नव्हे. आणि गरजेशी वाद घालता येतो.

गंमत अशी की हा वाद आपण मराठवाड्यातले लोक वरच्या अंगाला अगदी नीट घालतो. 2005 च्या कायद्याने तुटीच्या वर्षात खोऱ्यातल्या सगळ्यांनी टंचाई वाटून घ्यायची असं ठरलं. त्याच आधारे, 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल, तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं. तिकडचे म्हणतात, ‘आमच्या डोंगरात पडलेलं पाणी आमचं.’ आपण म्हणतो, ‘नदी सगळ्यांची.’ आपलंच बरोबर आहे असं मला वाटतं. पण मग नदी पैठणला संपत नाही. नाथसागराच्या खाली शहागड आहे, पात्राकाठच्या विहिरी आहेत, उसाचे फड आहेत (ऊस हा स्वतंत्र भांडणाचा विषय), आणि त्यांच्यासाठी 65 टक्क्यांसारखी रेघ कुणी मागताना मी ऐकलेलं नाही.

यावर जालन्यातले मित्र म्हणतात, ‘तुझ्यासारखी गावाकडची पोरंच तर इथं पाणी पितात. माणसं जिथं, पाणी तिथं.’ हे उत्तर मला अडवतं. दवाखाना, कॉलेज, कामधंदा शहरात असेल तर पाणीही तिथं लागणारच. पण तेवढ्याने लांबच्या पाण्यावरचा हक्क सिद्ध होत नाही. जवळचं पाणी आधी सांभाळलं का, हे शहराला विचारावंच लागेल. 2012-13 च्या दुष्काळात घाणेवाडी कोरडा पडला, तेव्हा जालन्याच्या नागरिकांनी वर्गणी काढून त्यातला गाळ उपसला. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी तो ट्रॅक्टर भरभरून शेतात नेला.