बक्षीस कुणाचे?

बीबीसीवरील ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ २००९ साली ऑक्सफर्डच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजाने जिंकले. मँचेस्टरवर २७५ विरुद्ध १९० गुणांनी. मागाहून कळले की, विजयी संघातला एक गडी चित्रीकरण संपण्यापूर्वीच विद्यार्थी राहिला नव्हता. विजेतेपद मँचेस्टरला गेले.

“पण आजी, उत्तरे तर बरोबर होती ना?” नात विचारते.

होती. परंतु मी जन्मभर वॉर्डात काढला. रजिस्टरातून नाव गेलेल्या नर्सने, हात कितीही कसबी असोत, औषधांच्या कपाटाला शिवायचे नाही, हे आम्ही निमूट पाळले. त्यामुळे निकाल मला मान्य आहे. मात्र चूक एकाची आणि बक्षीस गेले चौघांचे, इथे माझे मन अडते. बाकीच्या तिघांचे काय चुकले, हे नातीला अजून सांगता आलेले नाही.