वारुळाचे गुरुपद

हरारे शहराच्या मध्यभागी 1996 साली ‘ईस्टगेट सेंटर’ नावाची इमारत उभी राहिली, आणि आपण वाळवीच्या वारुळापासून धडा घेतला असे तिचे वास्तुविशारद मिक पिअर्स यांनी सांगितल्यापासून, निसर्ग हा बांधकामाचा गुरू आहे या विधानावर जणू सरकारी शिक्काच बसला. तीत नेहमीची वातानुकूलन यंत्रणा नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवरील त्या शहरातली रात्रीची थंड हवा पंख्यांनी मजल्यांखालच्या पोकळीतून खेळवायची, विटा-काँक्रीटच्या जाड अंगात तो गारवा मुरवायचा, आणि दिवसा माणसांच्या नि यंत्रांच्या उष्णतेने तापलेली हवा धुराड्यांतून वर निघून जाऊ द्यायची, अशी तिची व्यवस्था आहे.

या दाखल्याची पुढची हकीकत गमतीची आहे. वारूळ म्हणजे घर थंड ठेवणारे धुराडे, ही ज्या धड्यामागची समजूत, ती स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोर यांनी नामिबियातील वारुळे तपासून पाहिल्यावर टिकली नाही. घरट्याचे तापमान बव्हंशी भोवतालच्या जमिनीबरोबर चढते-उतरते आणि वरचा मातीचा मनोरा फुप्फुसासारखा श्वासोच्छ्वासाच्या कामी येतो, असे त्यांना आढळले. शिष्याला गुरूचे बोलणे चुकीचे ऐकू आले, तरी इमारत थंड राहिली ती राहिलीच! यात मला फारसे आक्षेपार्ह दिसत नाही, कारण भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगणाऱ्या अवधूतानेही त्यांच्यापैकी कोणाची अनुमती घेतली नव्हती. आपण गुरुपदी बसलो याची कबुतराला किंवा अजगराला वार्ताही नसावी.

खरा प्रश्न गुरूच्या निवडीचा आहे. बांधावरचे वारूळ खुरप्याने जरासे उकरले, की त्या भगदाडाशी कामकरी वाळवी मातीचा एकेक कण तोंडात ओला करून आणते, कडेला चिकटवते आणि परत फिरते. हे पाहून बांधणाऱ्याचे कौतुक कोणाला वाटणार नाही? अवधूताच्या चोवीसांत मात्र वाळवी नाही. आहे तो सर्प, दुसऱ्याच्या घरात विनादस्तऐवज वहिवाट करणारा, ज्याला आपण ‘आयत्या बिळावर नागोबा’ म्हणून हिणवतो आणि नागपंचमीला त्याच वारुळापाशी दूध-लाह्या ठेवतो. घर बांधणे हाच दुःखाचा आरंभ, हे अवधूत त्याच्यापासून शिकला. त्यातला रोख वैराग्याकडे आहे हे मान्य, आणि संसारी माणसाने बिऱ्हाड मोडून बिळे धुंडाळावीत असेही कोणी म्हणणार नाही. तथापि सिमेंट-पोलादाच्या भट्ट्यांत एकदा जळालेले इंधन घर गार राहिले म्हणून परत येत नाही. आणि जुनी भक्कम वास्तू पाडून तिच्या जागी वारुळाच्या धर्तीवर नवी उभारणारा गृहस्थ जेव्हा स्वतःला निसर्गाचा शिष्य म्हणवतो, तेव्हा त्याने गुरू सोयीचा पाहिला, असेच म्हणावे लागते. नकाशा मंजुरीसाठी दाखल करण्यापूर्वी त्याने एकनाथी भागवतातला सर्पाचा प्रसंग एकवार वाचावा, आणि पाडावयाच्या इमारतीतून पुन्हा एक फेरी मारून यावी.