जुना संघ, नवा संघ

हिंगोली जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा. नदी ओलांडली की वाशीम, म्हणजे विदर्भ. दोन्ही काठांवर तीच काळी जमीन, तेच सोयाबीन. पण अलीकडचा पोरगा चांगला खेळला तर रणजीसाठी त्याने महाराष्ट्राच्या संघाकडे बघायचं आणि पलीकडच्याने विदर्भाच्या. मुंबईचा संघ तिसराच. राज्य १९६० मध्ये एक झालं. क्रिकेटच्या हद्दी वेगळ्याच राहिल्या.

अशी एक हद्द वसीम जाफरने २०१५ मध्ये ओलांडली. १९९६ मध्ये दुसऱ्याच प्रथमश्रेणी सामन्यात नाबाद ३१४ धावा करणारा हा मुंबईकर. मुंबईबरोबर त्याने आठ रणजी करंडक जिंकले, त्यांतले दोन कर्णधार म्हणून. वयाच्या सदतिसाव्या वर्षी तो नागपूरला, विदर्भाच्या संघात गेला. उतारवयात खेळाडूने संघ बदलला की आपल्याकडे लगेच त्याच्या निष्ठेचा हिशेब मांडला जातो. मला तो हिशेब अन्यायाचा वाटतो.

पुढे काय घडलं ते पाहा. २०१६-१७ चा हंगाम दुखापतीत गेला. त्यानंतरचा हंगाम जाफर ठरलेलं मानधन न घेता खेळला. १९५७ पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भाने तोवर कधी अंतिम फेरीही गाठली नव्हती. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भाने करंडक उचलला आणि विजयाचा फटका जाफरच्याच बॅटमधून निघाला. पुढच्या वर्षी चाळिशी ओलांडून त्याने हंगामात १०३७ धावा केल्या. करंडक पुन्हा नागपुरात. त्या दोन्ही संघांचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित, तेही मुंबईचेच. विकेट फेकायची नाही, दिवसभर उभं राहायचं, हा मुंबईचा खडूसपणा या दोघांनी विदर्भाच्या पोरांच्या अंगी मुरवला. मुंबईशी याहून मोठी निष्ठा कोणती असते? जे मिळालं ते आपल्यापाशी दाबून न ठेवता त्यांनी पुढे दिलं.

पंडितांची गोष्ट तर आणखी पुढे जाते. २०२२ च्या रणजी अंतिम सामन्यात ते मध्य प्रदेशचे प्रशिक्षक होते आणि समोर त्यांचीच मुंबई. मुंबई हरली. त्या दिवशी मुंबईचा प्रशिक्षक होता अमोल मुझुमदार. पदार्पणात २६० धावा करूनही त्याला भारताची कसोटी कधी मिळाली नाही. मुंबईच्या संघातली जागा गेल्यावर २००९ मध्ये तो आसामकडे गेला, नंतर आंध्रकडे. तरी प्रशिक्षक म्हणून तो मुंबईत परतला, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा त्या संघाचा मुख्य प्रशिक्षकही तोच होता. न मिळालेल्या कसोटीची कडवटपणे आठवण काढत बसणं त्याला सोपं होतं. त्याने शिकवणं निवडलं.

निष्ठेची मागणी आपण नेहमी खेळाडूकडेच करतो. संघटनांकडे का नाही? पंधरा वर्षं धावा केलेल्या माणसाला शेवटच्या दोन हंगामांत कसं वागवलं, हाही निष्ठेचाच प्रश्न आहे.

आणि हा प्रश्न हिंगोलीपर्यंत यायला हवा. इथल्या पोराला दूरदर्शनवरचा नायक पुष्कळ मिळतो. शेजारी उभं राहून पाय कुठे टाकायचा हे सांगणारा माणूस मिळत नाही. रणजीतून निवृत्त झालेले किती तरी खेळाडू आज पुण्या-मुंबईत आहेत. महाराष्ट्र संघटनेने त्यांतल्या एकेकाला वर्षातला एक महिना हिंगोली, परभणी, नांदेडसाठी मागावा, आणि त्याचं मानधन, राहणं-खाणं सन्मानाने द्यावं.