कॉन्स्टंटाईन बादशहाची श्रद्धा

लाभाच्या आशेने धरलेल्या श्रद्धेस श्रद्धा म्हणावे काय? हा प्रश्न आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांना नवा नाही. “तुमच्या वाडवडिलांनी दुष्काळात भाकरीसाठी धर्म सोडला,” हा टोमणा कित्येकांनी चावडीवर ऐकला आहे. आणि एखादे नवे कुटुंब उपासनेस येऊ लागले म्हणजे आपणही आपापसांत पुसतो, “यांना काय बरे पाहिजे असेल?” या बाबतीत रोमचा बादशहा कॉन्स्टंटाईन याचे चरित्र विचार करण्याजोगे आहे. तो गरीब नव्हता. तरी तोही काही मिळावे म्हणूनच ख्रिस्ताकडे वळला.

सन ३१२ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २८ व्या तारखेस, रोम शहराजवळ टायबर नदीवरील मिल्वियन पुलापाशी, त्याची व मॅक्सेंशियस याची लढाई झाली. ढालींवर पवित्र चिन्ह काढावे अशी आज्ञा त्यास स्वप्नात झाली, असे लॅक्टान्शियस लिहितो. आकाशात प्रकाशाचा वधस्तंभ दिसला, असे युसेबियस सांगतो. लढाईत मॅक्सेंशियस नदीत बुडून मेला, आणि कॉन्स्टंटाईनाने जयाचे श्रेय ख्रिस्ती लोकांच्या देवास दिले. म्हणजे त्याच्या श्रद्धेचा आरंभ विजयाच्या इच्छेत झाला. सिंहासनाची भूक ही भाकरीच्या भुकेहून अधिक पवित्र आहे, असे कोण म्हणेल?

पुढेही काही वर्षे त्याच्या नाण्यांवर सूर्यदेवाची आकृती राहिली, व रोमच्या मुख्य पुरोहिताची पदवी त्याने सोडली नाही. यावरून त्याचा धर्म म्हणजे निव्वळ राजकारण, असे कित्येक विद्वान म्हणतात. परंतु त्याची कृत्येही पाहिली पाहिजेत. सन ३०३ त सुरू झालेल्या छळात मंडळीची जी मालमत्ता हिरावली गेली होती, ती परत देण्याचे त्याने व लिसिनियसाने सन ३१३ त ठरविले, आणि सर्वांस आपापल्या धर्माप्रमाणे चालण्याची मोकळीक दिली. अपराध्याच्या तोंडावर डाग देऊ नये, कारण मनुष्याचा चेहरा स्वर्गीय सौंदर्याच्या प्रतिरूपाने घडलेला आहे, असा कायदा त्याने केला. सन ३२४ त सर्व साम्राज्य हाती आल्यावर, धर्माच्या कारणाने कोणी कोणास उपद्रव देऊ नये, असे त्याने पूर्वेकडील प्रजेस लिहिले. तेव्हा त्याच्या मनावर ख्रिस्ती शिक्षणाचा काहीच परिणाम झाला नव्हता, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही.

तथापि दुसरी बाजू भयंकर आहे. सन ३२५ त नायसिया येथे तो बिशपांच्या सभेत सन्मानाने बसला. आणि सन ३२६ त त्याच्याच हुकुमाने त्याचा वडील मुलगा क्रिस्पस मारला गेला. त्याच वर्षी त्याची राणी फॉस्टा हिचाही अंत झाला. युसेबियसाने बादशहाचे चरित्र मोठ्या प्रेमाने लिहिले, पण त्यात क्रिस्पसाच्या मरणाविषयी एक शब्दही नाही. बादशहाने मंडळीस जमिनी, मंदिरे व मान दिला. मंडळीच्या लेखकाने त्याच्या अपराधावर पांघरूण घातले. हे काही प्रीतीचे काम नव्हे.

सन ३३७ त मरणाच्या दुखण्यात त्याने निकोमिडियाजवळ बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्म्यानंतर पाप घडेल या भीतीने त्या काळी पुष्कळ लोक हा विधी लांबणीवर टाकीत. मग त्याने शुभ्र वस्त्रे परिधान केली व बादशाही जांभळा पोशाख पुन्हा अंगावर घेतला नाही, असे युसेबियस सांगतो. मे महिन्याच्या २२ व्या तारखेस, पेन्टेकॉस्टच्या दिवशी, तो वारला. त्याच्या अंतःकरणाचा न्याय देवाकडे आहे.

प्रिय बंधुजनहो, यावरून आपण काय शिकावे? लोक प्रभूकडे भाकरीसाठी आले, कुष्ठरोगी बरे होण्यासाठी आले. त्याने कोणास हाकलले नाही. पण दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच परत फिरला. गरजेने येणे हे पाप नाही. गरज भागल्यावर तेथेच थांबणे हे संकट आहे. ख्रिस्ताने विजय दिला तोवर कॉन्स्टंटाईन त्याचा झाला. ख्रिस्ताने घरातला राग मागितला तेव्हा त्याने तो दिला नाही.

यास्तव वाडवडिलांच्या भाकरीची आपण लाज धरू नये. ती भाकरी खाऊन त्यांची मुले कोठवर चालत आली, हे पाहावे. भावाच्या शेताचा बांध आपण कोरतो काय? मुलाच्या लग्नात हुंडा मागतो काय? तेथे आपली श्रद्धा कळते. आणि उपदेशकांनो, दाराशी आलेल्यास हेतू पुसून परत लावू नका; त्यास पुढे चालवा. मात्र मंदिराच्या छपरास पत्रे देणारा गृहस्थ अन्याय करील, तर त्याच्यासमोर युसेबियसासारखे गप्प बसू नका. त्याच्या पत्र्यांपेक्षा त्याचा आत्मा मोलाचा आहे.